पाट्या रंगवणारा वादक आणि बाजारातून गेलेल्या तबकड्या



कामगार चळवळीतल्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की तो किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. त्या विषयांवर मी फाटकसभांतून रोजच बोलतो. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी टॅल फार्लो या अमेरिकन गिटारवादकाचे नाव सांगितले. चालक थोडे बुचकळ्यात पडले, परंतु त्यांनी नाही म्हटले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हा विषय माझ्या कामाच्या बाहेरचा नाही. वादक हाही कामगारच. त्याचे श्रम तबकडीत उतरले की त्या श्रमांचा धनी कोण, आणि धन्याने ती तबकडी छापणे बंद केले तर त्या श्रमांचे काय होते, हा अस्सल कामगारांचा प्रश्न आहे.

माझे शालेय शिक्षण फार नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पाश्चात्त्य संगीताचा नाद मला एका सहकाऱ्याने लावला. तो मूळचा मडगावचा, आमच्या खात्यात फिटर होता आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत असे. त्याने दिलेल्या एका कॅसेटवर मी फार्लोची गिटार प्रथम ऐकली. तेव्हापासून जे जमेल ते मिळवून ऐकत आलो आणि जे मिळत नाही ते का मिळत नाही याचा शोध घेत आलो. त्या शोधाचा जमाखर्च आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम दोन शब्द संगीताविषयी. जॅझ हे मुळात अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे संगीत. त्यातला गाभा म्हणजे उपज. एखादे परिचित गाणे घ्यायचे, बहुधा बत्तीस मात्राखंडांचे. त्याच्या स्वरसंवादांचा सांगाडा तेवढा कायम ठेवायचा, आणि आवर्तनामागून आवर्तन त्यावर नवी चाल रचीत जायचे. आपल्याकडे ठेका चालू असताना गायक बंदिशीचा धागा धरून ताना घेतो आणि समेवर येतो, तशीच ही काहीशी बैठक. फरक इतकाच, की आपल्याकडे षड्ज अचल असतो आणि तिथे पायाखालची जमीन दर मात्राखंडाला बदलत असते. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काही तरुणांनी या पद्धतीला वेगळे वळण दिले. लय अतिद्रुत झाली, स्वरसंवाद गुंतागुंतीचे झाले, आणि नाचण्यासाठी असलेले संगीत लक्षपूर्वक ऐकण्याचे संगीत बनले. यालाच बीबॉप म्हणतात. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क ही त्यातली ठळक नावे.

या नव्या संगीतात गिटारला जागा मिळवून दिली ती चार्ली ख्रिश्चनने. त्यापूर्वी वाद्यवृंदात गिटार म्हणजे ताल धरणारे वाद्य. भोवती शिंगाडी वाद्ये वाजू लागली की ती ऐकूही येत नसे. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने विजेवर आवाज वाढवणारी गिटार विक्रीस काढली आणि १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या ख्रिश्चनने ती सॅक्सोफोनसारखी एकेका स्वराच्या धावत्या ओळींनी वाजवून दाखवली. मार्च १९४२ मध्ये क्षयाने तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस होते.

हार्लेममधल्या ज्या जागेत ख्रिश्चन रात्री उशिरापर्यंत वाजवीत असे तिचे नाव मिंटन्स प्लेहाऊस. तिचा मालक हेन्री मिंटन हा स्वतः सॅक्सोफोनवादक आणि न्यूयॉर्कच्या वादक युनियनच्या ८०२ क्रमांकाच्या शाखेचा पहिला काळा प्रतिनिधी. युनियनचा नियम असा होता, की पैसे न घेता रात्री कुठे वाजवाल तर दंड भराल. नियम चुकीचा नव्हता. फुकट वाजवणारा मिळाला तर मालक पगारी माणूस कशाला ठेवील? परंतु मिंटनच्या युनियनमधल्या वजनामुळे त्याच्या जागेत वादकांना दंडाची धास्ती नसे. तिथे ते एकत्र जमत, एकमेकांना आव्हान देत, आणि त्यातून नवे संगीत घडले. कोलंबिया विद्यापीठाचा जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी मे १९४१ मध्ये तबकडी कोरणारे यंत्र घेऊन तिथे जाऊन बसला, म्हणून ख्रिश्चनचे तिथले वादन आज ऐकायला मिळते. हे काम कोणत्याही कंपनीने केले नाही, एका हौशी पोराने केले, एवढे ध्यानात असू द्या.

आता माझ्या चळवळीशी संबंध असलेला भाग येतो, आणि तो मी टाळणार नाही. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. अध्यक्ष होते जेम्स पेट्रिलो, शिकागोचे, मूळचे ट्रम्पेटवादक. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतल्या हजारो वादकांची नोकरी गेली होती. पाठोपाठ रेडिओवर आणि उपाहारगृहांतल्या पैसे टाकून वाजणाऱ्या यंत्रांत तबकड्या वाजू लागल्या. गिरणीतला कामगार आपली जागा घेणारा स्वयंचलित माग स्वतः बनवीत नाही. वादक मात्र आपली जागा घेणारी तबकडी स्वतःच्या हातांनी बनवतो, तीही एकदाच मिळणाऱ्या मजुरीवर. युनियनची मागणी अशी, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम युनियनच्या निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावे.

हा लढा दोन वर्षांहून अधिक काळ चालला. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला. कोलंबिया आणि व्हिक्टर या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. मध्यंतरी खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पेट्रिलोंना पत्र लिहून बहिष्कार मागे घेण्यास सांगितले. पेट्रिलो बधले नाहीत. पुढे १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने युनियनने असा निधी स्वतः चालवण्यास बंदी केली, म्हणून १९४८ साली दुसरा बहिष्कार झाला आणि स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती निधी देऊन तो मिटला. त्या निधीतून गावोगावी विनामूल्य जाहीर मैफली होऊ लागल्या.

मागणी न्याय्य होती आणि लढा यशस्वी झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्याची किंमतही सांगितली पाहिजे. बीबॉप जन्माला आले ते नेमके याच काळात. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात पार्कर आणि गिलेस्पी शेजारी बसून वाजवीत होते. त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी नाही. बीबॉपचे पहिले म्हणून मानले जाणारे ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९४४ चे, तेही एका छोट्या कंपनीचे. बाळाचे रांगणे कोणी पाहिलेच नाही. एकदम ते धावतानाच दिसले. संपात पीक बुडते हे प्रत्येक संपकरी जाणतो, पण बुडालेले पीक पुढच्या पिढ्यांचेही असते हे येथे दिसते. पगारवाढ फरकासह मिळते. न झालेले ध्वनिमुद्रण कोणत्याही करारात मागे जाऊन मिळत नाही. तरीही दोषाचे माप दोन्ही पारड्यांत घालून पाहा. त्या कंपन्यांनी जी मागणी १९४४ मध्ये मान्य केली ती १९४२ मध्येच मान्य केली असती तर एकही स्वर हरवला नसता.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या देशाशी संबंधित आहे. त्या वेळच्या तबकड्या शेलॅकच्या असत, आणि शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवरून ती खरवडून काढणारे हात छोटा नागपूरच्या आदिवासींचे. १९४२ मध्ये युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले, लाखेची लष्कराला गरज लागली, आणि अमेरिकेत तबकड्यांसाठी तिच्या वापरावर कडक मर्यादा आली. जुन्या तबकड्या दळून नव्या बनवल्या गेल्या. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकाचा सूर आपल्या रानातल्या मजुराच्या मालावर कोरला जात होता, आणि तबकडीवर नाव असे ते फक्त कंपनीचे ठळक अक्षरात.

आता फार्लोकडे वळू. टॅलमेज होल्ट फार्लो याचा जन्म ७ जून १९२१ चा, उत्तर कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावचा. घरात वाद्ये होती, पण संगीत हा पोटापाण्याचा धंदा असे कोणी मानत नव्हते. मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागला. आयुष्यात त्याला रीतसर शिक्षण मिळाले ते एवढेच. संगीतलेखन वाचणे त्याला आले नाही. तो मुद्दाम रात्रपाळी मागून घेत असे, कारण रात्री दुकानात रेडिओवर मोठ्या वाद्यवृंदांचे कार्यक्रम ऐकता येत. एका हातात कुंचला, कानात गुडमनचा वाद्यवृंद, आणि त्यात चार्ली ख्रिश्चनची गिटार. ख्रिश्चनच्या ताना त्याने ऐकून ऐकून बोटांत उतरवल्या. विजेची गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्याने ती स्वतः जुळवून तयार केली. धंदेवाईक वादक म्हणून उभा राहिला तेव्हा वय बावीसच्या घरात होते. आपल्याकडे ज्याला उशिरा सुरुवात म्हणतात तीच.

त्याचे हात विलक्षण मोठे होते. पहिल्या चार तारांवर चाल आणि स्वरसंवाद, आणि खालच्या दोन तारांवर वरून आणलेल्या अंगठ्याने खर्जाची साथ, असे एकाच वेळी तो वाजवी. लोक त्याला ऑक्टोपस म्हणत. १९४९ मध्ये तो व्हायब्राफोनवादक रेड नॉर्व्होच्या त्रिकुटात आला. या त्रिकुटात ढोल नाही, पियानो नाही. व्हायब्राफोन, गिटार आणि बास एवढेच. नॉर्व्होची लय इतकी जलद की सुरुवातीला फार्लोला ती पेलेना. त्याने मेहनत करून ती पेलली, आणि पुढे त्याच्याइतके द्रुत वाजवणारा गिटारवादक शोधूनही सापडेना. ढोलाची उणीव भरून काढण्यासाठी तो तारा दाबून त्यांवर बोटांनी आघात करी आणि लहान ढोलक्यांसारखा नाद काढी. तारेच्या नेमक्या मध्यबिंदूला हलका स्पर्श करून एक सप्तक वरचा काचेसारखा स्वर काढण्याची युक्तीही त्याने सिद्ध केली होती. अख्खी चाल तो अशा स्वरांत वाजवून दाखवी.

त्रिकुटातला बासवादक होता चार्ल्स मिंगस, काळा माणूस. १९५०–५१ मध्ये या तिघांनी केलेली ध्वनिमुद्रणे डिस्कव्हरी कंपनीसाठी झाली आणि नंतर सॅव्हॉय कंपनीकडे गेली. तिघांच्या वादनाची ती सर्वांत निर्दोष साक्ष. पण १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेलिव्हिजन कार्यक्रमासाठी मिंगसला वगळून गोरा बासवादक उभा करण्यात आला. नॉर्व्होच्या बाजूने कारण सांगितले गेले ते न्यूयॉर्कच्या युनियन शाखेच्या कार्डाचे. मिंगसने ते रंगाचे कारण मानले आणि तो त्रिकूट सोडून गेला. बंधूंनो, युनियनचे कार्ड हे कामगाराचे कवच आहे, पण तेच कुणाला बाहेर ठेवण्याचे कुलूपही होऊ शकते. लॉस एंजलिसमध्ये गोऱ्या वादकांची ४७ क्रमांकाची आणि काळ्यांची ७६७ क्रमांकाची अशा दोन निरनिराळ्या शाखा होत्या. त्या एक कराव्यात म्हणून बडी कोलेट या वादकाने जी चळवळ चालवली तिच्यात मिंगसही होता, आणि १९५३ मध्ये त्या एक झाल्या. कार्ड फाडून फेकण्यापेक्षा कार्ड सर्वांचे करणे कठीण असते. त्या लोकांनी ते केले.

आता तबकड्यांचा हिशेब. १९५४ च्या एप्रिलमध्ये ब्ल्यू नोट कंपनीने फार्लोच्या नावाची पहिली तबकडी मुद्रित केली. सोबत दुसरा गिटारवादक डॉन आर्नोन, बासवर क्लाइड लोंबार्डी आणि ढोलावर जो मोरेलो. पियानो नाही. एक गिटार ताल धरते आणि दुसरी मोकळी सुटते, त्यामुळे फार्लोच्या ओळी जशा येथे उघड्या दिसतात तशा क्वचितच दिसतात. पण ही तबकडी दहा इंची होती, आणि दोन-तीन वर्षांतच बाजारात बारा इंची तबकड्यांचे राज्य आले. दहा इंची माल दुकानांतून नाहीसा झाला आणि त्याबरोबर तीही. त्याआधी १९५३ मध्ये त्याच कंपनीसाठी ट्रम्पेटवादक हॉवर्ड मॅगीच्या तबकडीत होरेस सिल्व्हर, गिगी ग्राइस आणि पर्सी हीथ यांच्यासह फार्लो वाजला आहे. तिचीही तीच गत. वस्तू वाईट ठरली नाही, माप बदलले. कामगारांना हा अनुभव नवा नाही.

पुढची पाच-सहा वर्षे निर्माता नॉर्मन ग्रँझच्या कंपन्यांची. आधी नॉरग्रन, मग व्हर्व्ह. याच काळात त्याच्या नावावर आठ-नऊ तबकड्या झाल्या. त्यांपैकी १९५६ सालच्या ‘टॅल’ आणि ‘द स्विंगिंग गिटार ऑफ टॅल फार्लो’ या दोन मला सर्वश्रेष्ठ वाटतात. पियानोवर एडी कोस्टा, बासवर विनी बर्क. पुन्हा ढोल नाही. कोस्टा पियानोच्या खालच्या अर्ध्या भागात ठोसे मारल्यासारखे वाजवी, आणि त्या खर्जाच्या गडगडाटावरून फार्लोची गिटार पावसातल्या विजेसारखी धावे. हे त्रिकूट न्यूयॉर्कच्या ‘कंपोझर’ या क्लबमध्ये नेमाने वाजवीत असे. कोस्टा १९६२ मध्ये मोटार अपघातात वारला. एकतीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर स्वतःच्या तबकड्या थोड्याच. म्हणून फार्लोच्या तबकड्या बाजारातून गेल्या की कोस्टाही जातो. एक तबकडी बंद पडते तेव्हा एका माणसाचे नव्हे, चार माणसांचे काम बंद पडते.

क्लॅरिनेटवादक बडी डी फ्रँकोबरोबर १९५४–५५ मध्ये केलेली वादनेही अशीच बाजूला पडली. तिथे पियानोवर सॉनी क्लार्क आहे. ती नाव क्लॅरिनेटवादकाचे म्हणून गिटारच्या चाहत्यांनी पाहिली नाहीत, आणि क्लॅरिनेटच मागे पडले म्हणून इतरांनीही पाहिली नाहीत.

मला सर्वांत प्रिय आहे ते मात्र कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण नव्हे. डिसेंबर १९५६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एड फ्युर्स्ट नावाच्या रसिकाच्या घरी फार्लो, कोस्टा आणि बर्क वाजवायला बसले आणि यजमानाने आपल्या यंत्रावर ते टिपून ठेवले. घड्याळ लावलेले नाही, निर्माता काचेमागे उभा नाही. एकेक गाणे लांबत जाते, आवर्तने चढत जातात, चूक झाली तर तीही राहते. जवळजवळ वीस वर्षे ही फीत घरात पडून होती. १९७५ साली झनाडू नावाच्या लहान कंपनीने तिची ‘फ्युर्स्ट सेट’ ही तबकडी काढली आणि नंतर ‘सेकंड सेट’ ही दुसरी. मिंटन्समधला विद्यार्थी आणि हा यजमान, दोघांचीही जात एकच: कामाची कदर असलेला श्रोता.

१९५८ मध्ये फार्लोने लग्न केले, न्यू जर्सी राज्यात समुद्रकाठच्या सी ब्राइट या लहान गावी घर केले आणि तो पुन्हा पाट्या रंगवू लागला. १९५९ नंतर १९७६ पर्यंतच्या काळात त्याच्या नावाने नवी मुद्रित झालेली तबकडी अवघी एक, १९६९ ची. तिचे नावच ‘फार्लो परतला’ अशा अर्थाचे. जॅझवर लिहिणारे या वर्षांना अज्ञातवास म्हणतात, हरवलेली वर्षे म्हणतात. मला हे पटत नाही. तो गावातल्या छोट्या जागांत वाजवीत होता, शिकायला येणाऱ्यांना भेटत होता. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या सहभागाने त्याच्या नावाची गिटारही काढली. हरवला असेल तर तो बाजाराच्या नजरेतून हरवला.

ज्याच्या हातात दोन हुन्नर आहेत तो माणूस रात्रीच्या क्लबच्या मालकापुढे वाकत नाही. त्याने होडीच्या मागच्या बाजूला नाव रंगवले काय किंवा दुकानावर अक्षर काढले काय, हात तोच. ज्या हाताने रेषा सरळ ओढली त्याच हाताने तार छेडली. आपल्या गावातही फ्लेक्सची छपाई येण्यापूर्वी पाट्या रंगवणारे पेंटर होते. त्यांच्या अक्षराला वळण होते. माणूस अक्षर पाहून सांगत असे की ही पाटी कोणाची. ते हात आज कुठे आहेत, हा प्रश्न आपण विचारला आहे काय? फार्लो १९७६ पासून कॉन्कर्ड कंपनीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रण करू लागला. त्यातल्या एका तबकडीचे नाव ‘अ साइन ऑफ द टाइम्स’. काळाची खूण आणि रंगवलेली पाटी असा दुहेरी अर्थ. १९८१ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. २५ जुलै १९९८ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

मग या तबकड्या मिळत का नाहीत? एक कारण मापाचे, ते सांगितले. दुसरे मालकीचे. ग्रँझने १९६० च्या अखेरीस व्हर्व्ह कंपनी एम.जी.एम.ला विकली, तिथून ती पॉलिग्रामकडे आणि १९९८ मध्ये युनिव्हर्सलकडे गेली. प्रत्येक विक्रीत कोठारातल्या फितींची यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, आणि नव्या मालकाला त्यातला फार्लो कोण हे ठाऊक असेलच असे नाही. गिरणी विकली की मस्टरवरची नावे कशी गळतात हे आपण पाहिले आहे. १ जून २००८ रोजी लॉस एंजलिसजवळ युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारातल्या आगीत मूळ फितींचे कोठार जळाले. तिची व्याप्ती २०१९ मध्ये वृत्तपत्रातून लोकांना कळली, आणि नक्की काय जळाले यावर वाद झाला. अकरा वर्षे ही व्याप्ती लोकांना माहीत नव्हती. २००४ मध्ये मोझेक या कंपनीने फार्लोची व्हर्व्हसाठीची सर्व मुद्रणे सात तबकड्यांच्या संचात, ठरावीक प्रतींपुरती काढली. अतिशय चोख काम. पण प्रती संपल्या आणि तो संचही दुर्मीळ होऊन बसला.

तिसरे कारण कायद्याचे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंत निघालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत चालेल असे ठरवले. उलट युरोपात त्या काळी मुदत पन्नास वर्षे होती. २०१३ पासून ती सत्तर झाली, पण १९६३ पूर्वी निघालेली मुद्रणे तोवर मोकळी झाली होती. आपल्याकडे मुदत साठ वर्षांची. म्हणजे तोच स्वर एका देशात कुलपात आणि दुसऱ्या देशात रस्त्यावर. युरोपातल्या छोट्या कंपन्या तो स्वस्तात छापतात, वादकाच्या वारसाला काही न देता. अमेरिकेतला मालक हक्क राखून ठेवतो आणि छापीत नाही. एकीकडे माल आहे आणि मजुरी नाही. दुसरीकडे मालही नाही आणि मजुरीही नाही. हल्ली यांतले काही यंत्राच्या पडद्यावर ऐकता येते हे खरे. पण तिथे बास कोणी वाजवला, कोणत्या दिवशी, कोणत्या शहरात, हे बहुधा लिहिलेले नसते. आणि मालकाने मनात आणले तर उद्या ते नाहीसेही होते.

माझे म्हणणे साधे आहे. ज्या मालकाने दहा वर्षे एखादे ध्वनिमुद्रण बाजारात ठेवले नाही, त्याने ते सार्वजनिक ग्रंथालयांना उपलब्ध करून द्यावे, आणि वादकाचा वाटा एखाद्या निधीत भरावा, अशी व्यवस्था कायद्याने व्हायला हवी. शेतजमीन पडीक ठेवली तर समाज जाब विचारतो. सूर पडीक ठेवला तर का विचारू नये? पेट्रिलोंचा निधी ऐंशी वर्षांपूर्वी निघू शकला, तर ही गोष्ट अशक्य नाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतांना ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातून वाटा मिळण्याचा हक्क कायद्यात आला आहे. कायद्यातला हक्क पदरात पडायला संघटना लागते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणि कायदा होईपर्यंत एक काम आपल्या हातातले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या, कॅसेटी, फिती पडल्या असतील. कुणाच्या लग्नातली सनई असेल, भजनी मंडळाची काकडआरती असेल, संपाच्या दिवसांतली पदे असतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी आपल्या सार्वजनिक वाचनालयाकडे आणून द्या. आणि देताना एका कागदावर लिहून द्या की गायले कोण, पेटीवर कोण होते, तबल्यावर कोण, टाळ कोणी धरले, तारीख कोणती. वाचनालयाच्या चालकांशी मी बोललो आहे. एक कपाट त्यांनी देऊ केले आहे. या आठवड्यात मी माझ्याकडचे साहित्य तिथे नेऊन ठेवणार आहे, आणि महिन्यातल्या एका रविवारी तिथे बसून ऐकण्याची सोय व्हावी असा प्रयत्न आहे. आपण यावे.